जाळीची कड

उद्यमबागेत रात्रपाळीचा भोंगा झाला की
मी लाट सोडते.

पंपाच्या ओतीव खोक्याचा एक काप, पडद्यावर,
चारशे घरं आडवी, अडीचशे उभी.
सूक्ष्मदर्शकाखालच्या फोटोवरून भरलेलं एकेक घर,
प्रत्येकाचा ताठरपणा वेगळा:
इथं लोखंड, इथं ग्राफाइटची पापडी,
इथं साच्यातली वाळू, चुकून राहिलेली.

एका घरानं शेजारच्याला ढकलायचं,
शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला.
एवढंच गणित. बाकी सगळा धीर.
काळाच्या एका पावलात लाटेनं घर ओलांडलं
तर आकडे उधळतात.
सोमवारी उधळले होते,
सकाळी पडद्यावर नुसता पांढरा गोंगाट.

आज नाही उधळले.
लाट पापड्यांवर फुटली,
थोडी मागं वळली, थोडी आत शिरली,
वेग बदलला, लांबी बदलली,
सेकंदाला किती वेळा हलायचं
तेवढं मात्र तिनं कुठल्याच हद्दीवर टाकलं नाही.

मग अकराव्या मायक्रोसेकंदाला
उजवीकडून एक परतीचा ठोका.
‘तडा,’ मी लिहिलं.
तारीख घातली, सही केली.

इराप्पा गुंजटगी आले.
बत्तीस वर्षं हातोडीनं ऐकणारा माणूस.
खोकं दोरीला टांगलं, एकदाच मारलं,
नाद पूर्ण विझेपर्यंत डोळे मिटून उभे.
“बिरुकु इल्ला,” म्हणाले,
आणि मग माझ्यासाठी:
“नीट वाजालंय की ओ. कुठं बघितलासा तडा?”

मला राग आला.
रागातच तो ठोका मी उलटा चालवला, पावलामागं पाऊल,
आणि तो पोचला चारशेव्या रकान्यात,
जिथं लोखंड संपत नाही,
संगणकाची मेमरी संपते.
ती कड मी आखली होती.
लाट तिच्यावर आपटून आली होती, खरी समजून.

कडेला वीस घरांची मऊ पट्टी जोडली,
जिथं लाट दमत दमत जाते
आणि तिला कुणी परत धाडत नाही.
ठोका गेला. सही खोडली.

इराप्पा अजून पडद्यापाशीच.
“ह्या पट्टीच्या पलीकडं काय हाय?”
“काही नाही. तिथं हिशोबच नाही.”
“मग लाट जाती कुठं?”

तिसऱ्या गेटवरून मालगाडी निघाली होती.
कपातल्या चहावर वर्तुळं उठली.
इराप्पांनी टेबलावर तळवा टेकला
आणि दुसऱ्या हातानं मला
गप्प राहायची खूण केली.