रकाना तिसरा

कंपनीचा फॉर्म साधा आहे.
वेग. पट्टी. भाव.
खाली माझी सही : तेल्मू, ध्वनिमुद्रक,
आमादोरा, लिस्बनच्या वेशीबाहेर,
एक गॅरेज, ज्याच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे डकवलेत
आणि हवा दमट झाली की अजून टायरचा वास सुटतो.

वेग मोजायला काय लागतं.
कानात टिकटिक लावून दिली, मिनिटाला एकशे चाळीस.
आदेरितूने अकॉर्डियनचा भाता उघडला.
न्या झुल्मिराने लोखंडाची पट्टी खांद्याला टेकवली
(मेहुण्याने बांधकामावरून कोटाखाली आणलेली)
आणि पिशवीतून सुरी काढली.
तीच, जिने सकाळी कसावा सोलला.

खर्र खर खर, खर्र खर खर,
पहिल्या कडव्याला एकशे चाळीस,
दुसऱ्याला बेचाळीस,
शेळी दारात येते तिथे सेहेचाळीस,
आणि मग मी टिकटिक बंदच केली.
बसमागे धावणाऱ्याला
घड्याळ कशाला दाखवायचं.

पट्टी : पांढरी तीन. गंधार कोमल.
नाचाच्या गाण्यात कोमल गंधार ऐकला की
जाणकार मान हलवतात,
म्हणतात, बेटांचा दुष्काळ, समुद्राची ताटातूट.
अहो, शुद्ध गंधाराची पत्ती वाकलीय.
बटण दाबलं की नुसती फुस्स हवा.
दुरुस्तीला साठ युरो,
आणि आदेरितूच्या धाकटीला चष्मा लागलाय.

आता भाव.

फॉर्ममध्ये चारच पर्याय :
आनंदी, उत्साही, रोमँटिक, शांत.
मी विचारलं, न्या झुल्मिरा, हे गाणं कशाबद्दल?
ती म्हणाली, शेळीबद्दल.
ताराफालला आमची एक शेळी होती.
रॉटरडॅमहून बापाचं पत्र आलं,
घरात वाचता येणारी मी एकटी, वय वर्षं सात.
निम्मं वाचून झालं, पाणी आणायला उठले,
आले तर उरलेलं निम्मं शेळीच्या तोंडात.

आई रोज विचारायची, पुढे काय लिहिलं होतं गं?
मी रोज काहीतरी सांगायचे.
सोमवारी बापाने जहाज घेतलं.
मंगळवारी ते रंगवलं.
बुधवारी त्याला दात बसवले, सोन्याचे, दोन.
ती हसायची, म्हणायची, मग? मग?
आणि 'मग' यायच्या आत
मला पुढचं सुचायला हवं असायचं.

कडवी तीच आहेत, म्हणाली. कमी-जास्त.

आदेरितूला हे ठाऊक नव्हतं.
अकरा वर्षं तो तिच्या शेजारी बसून वाजवतोय,
त्याला वाटायचं, शेळी म्हणजे शेळी.
तो भात्याचा पट्टा सोडवू लागला, परत बांधू लागला.

मग भावाच्या जागी काय लिहू?
तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.
घाई लिही.
पावणेचारची बस आहे,
सातच्या आत बँकेचे तीन मजले पुसायचेत.

शेवटचा टेक आम्ही तेव्हाच घेतला.
एकशे एकावन्न, बावन्न,
सुरी दिसेनाशी झाली, नुसता हात दिसत होता,
पुठ्ठ्यांच्या पलीकडे शेजारच्या बाईने
भिंत ठोकली, आधी रागाने,
मग, शपथेवर सांगतो, ठेक्यात.
आणि सहाव्या कडव्याच्या मध्यावर,
बाप बंदरावर उतरतोय, एक पाय फळीवर,
एक अजून हवेत,
झुल्मिरा उठली.
सुरी स्कर्टला पुसली, पिशवीत टाकली,
दार लावून घे म्हणाली.

मी शेवट जोडला नाही.
कंपनीला तो फार आवडला. आधुनिक आहे, म्हणाले.
एका जिमने विकत घेतलंय, सकाळच्या वर्गासाठी.

फॉर्मवर 'घाई' टाइप होत नाही.
'आनंदी'वर खूण केली.
फरशीवर तिच्या खुर्चीपुढे
लोखंडाचा बारीक भुगा पडला होता,
बोटाने उचलला,
दिव्याखाली धरला,
झाडू काही घेतला नाही.