दारावरची जागा

उद्यमबागेत, भरमाण्णा कंग्राळकरांच्या फाउंड्रीत
लॅपटॉप उघडून मी उभी:
सोळा रेस, दर शुक्रवारी रात्री दहाला,
बघणारे साधारण दोनशे दहा,
बॉनेटचे चार हजार, दाराचे अडीच,
मागच्या पंखाचे द्याल तेवढे.

"गाडी कुठं हाय?"
ह्यातच.
"वजन?"
काही नाही.
"म्हणजे हवा विकालीस की!"
हसले. आमचा धंदा किलोवर, म्हणाले.

मग बराच वेळ
पडद्यावरचं ते रिकामं दार बघत राहिले.
"नाव कुठल्या अक्षरात घालणार?"
तुम्ही सांगाल त्या.
"पट्टी घेऊन कोण मोजाय येत न्हाई न्हवं तिथं?"
तिथं फक्त टायर मोजतात, म्हटलं.

पैसे नाही दिले त्यांनी.
विचारलं, पोरगं बसून चालवतंय कशावर?
जेवणाच्या टेबलाशी. जोरात ब्रेक दाबला
की पेडल सरकत जातं फ्रीजपर्यंत.

आठवड्यानं टेम्पोतून उतरली
बावीस किलोची बिडाची प्लेट,
चार भोकं पाडलेली, कडेला अजून साच्याची वाळू.
आईनं खाली जुनी सतरंजी घातली.

शुक्रवारी सातव्या लॅपला
आमचा नागेश भिंतीला घासत गेला.
दारावरचं नाव, दोन्ही अक्षरांतलं, सारख्याच उंचीचं,
सगळं खरवडून निघालं.

कसनुसं होऊन मी फोन लावला.
मागं भट्टीचा पंखा घोंगावत होता.
"बघितलं," म्हणाले.
"प्लेट हलली काय?"