तळे क्रमांक १०४७६

अकरा हजार फुटांवर तळ्यांना नावं नसतात,
आकडे असतात.
खेचरांच्या वाटेने दीड दिवस चढून आले,
रबरी बूट, जाळं, वही,
आणि समोर बर्फ वितळून साचलेलं हे निळं पाणी,
ज्याला कुंपण नाही, कायदा आहे :
इथला खडाही खिशात टाकायचा नाही.

खडे सगळे जागेवर आहेत.
बेडूक नाहीत.

पिवळ्या पायांचे, मुठीत मावणारे,
धरले की बोटांना लसणाचा वास लागायचा.
त्यांची हाक पाण्याखालची.
काठावर तंबू ठोकून निजलेल्याला
ती कधी ऐकूच आली नाही,
म्हणून थांबली तेव्हाही
कुणाची झोप मोडली नाही.

मी काठाने चालते. दगड उलटते,
उलटलेला पुन्हा होता तसा ठेवते.
शून्य मोजायला अख्खा दिवस लागतो.
एखादा असता तर
पाच मिनिटांत मोजून झाला असता.

बेनात इरिगाराय, खेचरवाला, वय एक्क्याऐंशी.
शेकोटीशी बसून सांगतो,
त्याच्या आजोबांनी दुधाच्या कॅनमधून
ट्राउटची पिल्लं चढवली होती इथवर,
भोवती ओलं गोणपाट, रात्रीचा गारवा,
आणि थांबलं तरी कॅन हलवत राहायचं,
नाहीतर पिल्लं गुदमरतात.
"रिकामी तळी बघून त्यांना वाईट वाटायचं," तो म्हणतो.
थोड्या वेळाने पुन्हा : "रिकामी."
पुढे विमानं आली, मासे आभाळातून पडू लागले.
पाण्यात राहून माशाशी वैर
बेडकांनी कधीच केलं नव्हतं.
मासाच वरून आला.

खोल तळी माशांना गेली.
उथळ उरली, ती आता जुलैतच आटतात,
आणि बेडूकमाशाला बेडूक व्हायला
तीन-तीन वर्षं लागतात इथल्या थंडीत.

तरी हिशेब जुळत नाही.
या तळ्यातले मासे आम्ही चार उन्हाळ्यांमागे उपसले.
शेपट्या दिसल्या, मग पाय फुटले,
बेनातने टोपी काढून पाहिलं होतं.
गेल्या वर्षी बर्फाच्या कडेला
पाय ताणून पडलेले एकोणीस.
बुरशीने कातडी जाड झालेली,
आणि हे तर कातडीनेच पाणी पितात.

बुरशी कशावरून आली?
कदाचित मासे उपसायच्या जाळ्यावरून.
कदाचित माझ्या बुटांवरून.
मी बूट औषधात बुडवले होते, दहा मिनिटं.
बहुतेक दहा.

दुपारी वारा सुटतो, खालच्या खोऱ्यातून,
बदामाच्या बागा ओलांडून.
या वाऱ्याला मी ओळखते.
आई बागेतून यायची तेव्हा
मागच्या दारीच कपडे उतरवायची,
"आधी जवळ येऊ नकोस," म्हणायची,
नळाखाली कोपरापर्यंत हात घासायची.
त्या हातांच्या मजुरीवर मी बेडूक शिकले.
उद्यानाच्या फाटकावर गाड्यांची पावती फाडतात.
वाऱ्याला कोण अडवणार?

वहीत शेवटचा रकाना आहे, बोटभर रुंद :
संभाव्य कारण.
बेनात खोगिराचे पट्टे आवळतो,
माझ्याकडे न बघता विचारतो,
"आजोबांचं नाव लिहिणार?"
मी म्हणते, लिहिलं तर त्याखाली
ओदिलिया ओरनेलास लिहावं लागेल, माझी आई,
आणि त्याखाली माझंच.
एवढी जागा नाही.
तो मान हलवतो. पटल्यासारखी नाही,
खेचरं हलवतात तशी, माशी बसली की.

खिंडीत फोनला रेंज येते.
किती सापडले, आई विचारते.
सांगते.
"नीट पाहिलंस ना? दगडांखाली?"
हो म्हणते, फोन ठेवते,
आणि वाट दोन वळणं उतरल्यावर आठवतं,
उत्तरेच्या काठाचा एक दगड जड होता,
उद्या दोघं मिळून उचलू म्हटलं होतं,
तो राहिला.