पालथा घडा

बूट झटकून घाल, जेव्हॉन. विंचू असतात.
आणि बॅज छातीवर लाव,
खिशातल्या बॅजला फक्त खिसा दिसतो.

लॉरी रात्रीच निघालीय समुद्राकाठच्या वीजघरातून,
सहाशे किलोमीटर. कुठे थांबायचं ते ठरलेलं,
कुठे थांबायचं नाही तेही.
दहाच्या सुमारास मेंढ्यांच्या फाटकापाशी धूळ उठेल.
तोवर चहा घे.

पिंपांत काय असतं, विचारशील. सगळेच विचारतात.
गावात तर सांगतात, आत हिरवा उजेड असतो.
हातमोजे असतात रे. फडकी, मॉपचे गोंडे,
कुणाचा तरी डगला,
गाळणीतली राळ, सिमेंटात कालवलेली.
माझी मावसबहीण ऑलेटा तिथे फरशी पुसते;
एखाद्या पिंपात तिच्या हातचा घाम असेलच,
आणि त्या पिंपाचा नंबर तपासते मी.

नंबर तीनदा तपासायचा.
कागदावर, झाकणावर, पुन्हा कागदावर.
गेल्या मे महिन्यात एका शिवणीवर गंज होता,
माझ्या करंगळीच्या नखाएवढा.
ड्रायव्हर म्हणाला, बाई, चहाचा डाग असेल.
साहेब म्हणाले, आकडे तर मर्यादेत आहेत.
होतेच. मीच मोजले होते.
तरी सही केली नाही.
लॉरी चार दिवस कुंपणाशी उभी,
मग ते पिंप दुसऱ्या, मोठ्या पिंपात बसवून खाली गेलं.
ड्रायव्हर माझ्याशी अजून बोलत नाही.
मर्यादा आहे म्हणून रोज तिथवर जाऊन यायचं नसतं,
नियमात हेच लिहिलंय, फार लांबवून.

हा चर बघ. आठ मीटर खोल, तळाला चिकणमाती.
पाऊस इथे वर्षाला चार बोटं,
पण कधी ती चारही बोटं एकाच दुपारी पडतात.
म्हणून वरची माती मधे फुगीर, कडांना उतरती.
आम्ही मुद्दाम पाणी ओततो आणि बघत बसतो.
पालथ्या घड्यावर पाणी:
शाळेत बाई माझ्याबद्दल हेच म्हणायच्या, वैतागून.
इथे तो उत्तीर्ण झाल्याचा शेरा आहे.

ऑगस्टात या बुजलेल्या चरांवर केशरी फुलं येतात,
कुंपणापलीकडून मेंढ्या बघत राहतात.
उथळ मुळांची झुडपं राहू दे. खोल जाणारी उपट.
वाळवी दिसली तर लगेच सांग,
वाळवीमागे आर्डवार्क येतो,
आणि त्याला उकरून काढायचं तेवढंच माहीत असतं.

पाटी तीन भाषांत आहे. पहारा तीनशे वर्षांचा.
वडिलांची आत्या नामा बोलायची,
टाळूवर जीभ आपटून, चार तऱ्हांनी.
तिच्यापासून माझ्यापर्यंत साठ वर्षं धर.
मला एकवीस शब्द येतात,
त्यातले नऊ शेळ्यांचे रंग.
पाण्याचा शब्द येतो, पण कुठला आवाज आधी ते विसरते.
म्हणून पाटीकडे मी जरा जपून बघते.

माणसाला मूठमाती दिली की लोक घरी जातात,
हातपाय धुतात, जेवतात.
इथे मूठमाती दिल्यावर नोकरी सुरू होते.

गुरुवारी फ्लोरिसच्या पवनचक्कीवर जायचं, बाटल्या घेऊन.
तो दर वेळी विचारतो, काय निघालं पाण्यात?
मीठ, मी म्हणते. नेहमीचं.
मग तो त्याच पाण्याचा चहा करतो,
आणि मी पहिला घोट घेईपर्यंत
आपला कप उचलत नाही.
मी घेते. गोड करतो फार.

ती बघ धूळ. टोपी घाल.
आणि कुणी घाई केली सहीची,
तर पेन सापडत नाही म्हण.
मी अकरा वर्षं तेच सांगतेय.