कौतिकफुईचा उजवा हात

फुई शांत बाई होती असं म्हटलं
तर मारवडमध्ये अजून हसतील.
सरपंचापासून गिरणीवाल्यापर्यंत
तिच्या तोंडातून कोणी सुटलं नव्हतं.

त्या दुपारी रोहिदास आप्पाची शेळी
आमच्या धाब्यावर चढली
आणि जुन्या लुगड्यावर वाळत घातलेले बिबडे
एका टोकाकडून कुरुमकुरुम खात निघाली.
फुईने शेळीच्या सात पिढ्या काढल्या,
आप्पाच्याही दोन,
पण बाजेवरून उठली नाही.
उजवा हात मांडीखाली दाबून बसली,
रागात नेहमी बसायची तशी.

मी तुरकाठी उचलली. बारा वर्षांचा होतो.
एक फटका बसला शेळीच्या पाठीवर,
दुसऱ्याआधी मनगट फुईच्या मुठीत.
तिने माझा हात ओढला
आणि त्याच्यावरही बसली.
खाली सुंभ, वर फुई.
शेळी उरलेले बिबडे खाऊन
सावकाश उतरून गेली.

"मुंग्या येतस. येऊ दे."

मग आधारचं सांगितलं. एकही शिवी न देता,
म्हणून मला भीती वाटली.
दहाची नोट.
तो नाही घेतली म्हणत राहिला,
ती मारत राहिली.
रात्री अमळनेरहून सुरत पॅसेंजर.
नोट तिसऱ्या दिवशी सापडली,
कळण्याच्या डब्यात.
दर दिवाळीला मनिऑर्डर येते,
मजकुराची जागा कोरी.

"हात उठना का घरमाईन मानूस उठी जास,"
एवढंच म्हणाली, आणि उठली.

माझ्या तळव्यावर सुंभाचे वळ होते.
तिच्याही तळव्यावर तसेच,
पण जुने, मुरलेले.
भाकरी थापताना ते पिठावर उमटत असतील
असं मला कितीतरी दिवस वाटायचं.
मी भाकरी उलटून बघायचो.

परवा धुळ्यात, तिसऱ्या मजल्यावर,
पोरीच्या गणिताच्या पेपरवर
माझी सही सापडली. मी न केलेली.
ती नाही म्हणत राहिली.
माझा हात
सोफ्यावर आपली जागा शोधत गेला.
गादी मऊ, वळ उठत नाहीत.
मुंग्या मात्र येतात.

"पप्पा, हातावर काय बसलात?"

म्हटलं, थांब दहा मिनिटं.
मग सांग.
पहिल्यापासून सांग.