गळती

निमिषानं वही आडवी धरली, फुटपट्टीनं चार रकाने पाडले:
कॉलेज. खर्च. पदवी घेऊन बाहेर पडणारे. वर्गात कोण कोण.
मी म्हटलं, पाचवा पाड. रिकामा ठेव.
"कित्याक, बाई?"
लागेल.

रत्नागिरी. फी अठरा हजार, वसतिगृह नाही.
मावशीच्या जावेकडे एक कॉट आहे,
भाडं घेणार नाही ती,
पण सुट्टीवरून परतताना सुकी सुंगटं न्यावी लागतील दर खेपेला.
तीही धर खर्चात.

कोल्हापूर. फी एकतीस, मेस अडीच हजार महिना,
वर एसटी: गणपती, दिवाळी, शिमगा,
आणि एकदा उगाच, घर आठवलं म्हणून.
उगाचचं तिकीटही तेवढंच असतं, मी सांगितलं.

पुणे. तिनं शून्यं बोटानं मोजली,
एक खोडलं,
पुन्हा लिहिलं.

बाबल तारी रापण ओढून आला, पायांची वाळू उंबऱ्यावर झाडली,
माहितीपुस्तक मागच्या पानापासून उघडलं.
गुळगुळीत कागद. हिरवळीवर हसणाऱ्या मुली.
"ह्येंची परीक्षा कधी असता?"

गळती किती ते बघ, मी निमिषाला म्हणाले.
ऑफिसातला शब्द, दरवर्षी तक्त्यात भरायचा.
बाबलला तो होडीचा वाटला. त्यानं मान डोलावली.
"ताच आधी इचारूक व्हया. रंग मगे.
पाणी खयसून येता ता इकणारो सांगना नाय."

एकवीस वर्षं आचऱ्याच्या ज्युनियर कॉलेजात मी नावं चढवते.
अकरावीला एकशे बारा, माझ्या अक्षरात.
बारावीच्या निकालात एकोणऐंशी.
दाखल्यावर कारण लिहायला दीड इंच जागा असते,
'घरगुती' तेवढ्यात बसतं.
'ट्रॉलरवर गेला' बसतं.
बसचा पास संपला आणि बापाला सांगायची लाज वाटली,
हे बसत नाही.

चौथ्या रकान्यात ती अडली.
मुली बावन्न टक्के, राखीव एकेचाळीस, ग्रामीण सत्तेचाळीस.
"बेरीज एकशे चाळीस येता, बाई. चुकला काय तरी."
चुकलं नाही. तू तिन्हीत आहेस.
तीनदा मोजतील तुला
आणि बसशील एकाच बाकावर.
ती पेनाचं टोपण चावत राहिली.
"आणि माशांचो वास येता म्हणान
शेजारची उठान दुसऱ्या बाकार गेली, तर?
तेचो टक्को खय?"
पुस्तक मी दोनदा चाळलं. तो टक्का कुठंच नव्हता.

कोल्हापूरच्या ओळीत तिनं लिहिलं: चौसष्ट.
बरा आहे, म्हणाली, शंभरातले चौसष्ट.
मी काही बोलले नाही.
माझ्या वेळीही साधारण तेवढाच असेल.
मी उरलेल्या छत्तीसांत,
दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत, पत्र्याच्या ट्रंकेसकट,
गगनबावड्याच्या गाडीत खिडकीशी.
दाखल्यावर कारण: घरगुती.
अक्षर त्या कारकुनाचं होतं, सुरेख, डावीकडे कललेलं.
त्यानं मान वर करून पाहिलं नव्हतं.
मी पाहते. पण पाहून काय लिहिते?
तेच.

"पाचव्यात काय घालू?"
पैसे संपले, की पहिल्यांदा कोणाला सांगशील, त्याचं नाव.
प्रत्येक गावापुढं एक.
ती हसली. मग हसणं थांबवून विचार करू लागली.
रत्नागिरीपुढं मावशी लिहिलं, खोडलं.
पुण्यापुढं नुसती रेघ.
कोल्हापूरपुढं पेन टेकलं आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला.

बाबल मागच्या पडवीत जाळ्याची गाठ सोडवत होता,
ऐकत नसल्यासारखा.
"माझा नाव घाल," तो म्हणाला,
"तिनय ठिकाणी.
होडयेत रेंज गावना नाय.
दोनदा लाव."