साबण

खोतीगावचं रान, बीट नंबर चार.
किंदळाच्या खोडाला पट्ट्याने बांधलेला कॅमेरा.
दर सोमवारी कार्ड काढतो मी, रोजंदारीवर.

गवे. साळींदर. एक ओलं मुंगूस.
मग पहाटे तीन बारा:
पुनो वेळीप. माझा मामा.
अनवाणी, डोक्याला पंचा,
दोरी कानापर्यंत ओढलेली.
पुढ्यात भेकर, मान खाली,
पडलेले आंबाडे खाण्यात गुंग.

तीन तेरा: शेपटाखालचं पांढरं.
तीन चौदा: नुसते आंबाडे,
आणि न सुटलेला तीर
मामाच्या हातात तसाच.

वाटलं, म्हाताऱ्याला दया आली.
या रानावरची पाटी तीनदा बदलली,
पायवाट त्याने बदलली नाही,
आणि आज, बघा, हात आखडला.
दिवसभर हेच घोळवत
संध्याकाळी त्याच्या अंगणात गेलो.

तो चुलीच्या धगीवर बांबू शेकत होता.
वर न बघताच म्हणाला,
"त्या पेटीला हात लावतोस
तेव्हा आंघोळ कसल्या साबणाने करतोस रे?
बारा हातांवरून चंदन येतं.
आधी भेकराला आलं. मग मला."

लहानपणी त्यानेच शिकवलेलं:
आदल्या रात्री नुसतं पाणी,
अंगाला राख,
आणि बोलणं बंद.

अहवालात रकाना आहे, मानवी हालचाल.
अजून कोराच.
मामी पेज वाढते, वर सुक्या बांगड्याचा तुकडा.
जेवण्याआधी बोटं हुंगून पाहतो.
मला कसलाच वास येत नाही.